काटा सोडा, गाभा बघा!

गेल्या मे महिन्यात आमच्या जुन्या गोठ्याचे पत्रे उतरवले. बैल विकून बरीच वर्षं झालीत, गोठ्यात आता मोटारसायकल आणि औषध फवारणीचा पंप असतो. पत्र्याखालच्या वाशाला एक लांबलचक, काळं पडलेलं लाकूड बांधलेलं होतं. ते धाडकन खाली आलं. चुलतभाऊ म्हणाला, ‘‘बंबाला होईल.’’ त्यानं कुऱ्हाड आणली आणि घाव घातला. टण्ण! कुऱ्हाड उडाली, लाकडावर नखाएवढी खूण. दुसरा घाव, तिसरा घाव. चौथ्याला कुऱ्हाडीचा दांडाच ढिला झाला.

ओट्यावर बसलेले आजोबा हसले. ‘‘आरं, कुळवाचं दिंड हाय ते. बाभळीचं. तुझ्या बाच्या लग्नाआधीचं. त्येला कुऱ्हाड न्हाई लागत, करवत आण.’’

दिंड म्हणजे कुळवाचं मुख्य आडवं लाकूड, ज्याच्यावर सगळं औत उभं राहतं. हे मला त्या दिवशी कळलं. शेतकऱ्याच्या घरात वाढून, बी.एस्सी. करून, वनस्पतिशास्त्राचं जर्नल वेळेत सबमिट करून मला हे माहीत नव्हतं. मग वाटलं, आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल?

कवठे महांकाळला कॉलेजला येताना एसटीच्या खिडकीतून बघा. नागजकडून या, ढालगावकडून या, नाहीतर कुची-देशिंगकडून. अग्रणीच्या काठाला, ओढ्याच्या कडेला, गायरानात जे झाड दिसतं ते म्हणजे बाभूळ. पण तिच्याशी आपली ओळख तीनच गोष्टींची. टायर पंक्चर होतो, चपलेत काटा घुसतो आणि ‘बाभळीला आंबे लागत नाहीत’ असं मास्तर म्हणतात. झाडाच्या पोटातल्या लाकडाबद्दल कुणी काही बोलत नाही. म्हणून हा लेख.

गाव कशावर चालायचं?

ट्रॅक्टर येण्याआधीचं गाव डोळ्यांसमोर आणा. नांगर, कुळव, पाभर, कोळपं ही सगळी औतं लाकडाची. कुऱ्हाडीचा, खोऱ्याचा, टिकावाचा दांडा लाकडाचा. विहिरीवर मोटेचं चाक लाकडाचं, तेल्याचा घाणा लाकडाचा, घरातलं मुसळ लाकडाचं. आणि सगळ्यात महत्त्वाची बैलगाडी. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ही लाकडं नुसती उभी राहत नाहीत, ती दणके खातात. दगडावर आपटतात, रोज घासली जातात, उन्हात तापतात, पावसात भिजतात. अशा कामाला दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात सुताराची पहिली पसंती असायची बाभूळ.

गाडीचं चाक घ्या. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकाला गोलाईचे लाकडी तुकडे आणि सगळ्यांवरून लोखंडी पट्टी, म्हणजे धाव. भरलेली गाडी खडकाळ वाटेनं जाताना प्रत्येक दगडाचा धक्का आऱ्यातून तुंब्यात जातो. लाकूड ठिसूळ असेल तर फुटणार, मऊ असेल तर भोकं मोठी होऊन आरे खुळखुळणार. बाभळीचं लाकूड दोन्ही करत नाही.

धाव चढवणं हा तर भौतिकशास्त्राचा चालताबोलता तास होता. धाव चाकापेक्षा किंचित लहान बनवायची. मग आगीत लालभडक तापवायची. तापली की लोखंड प्रसरण पावतं, तेवढ्यात ती चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. थंड होताना धाव आकसते आणि चाकाचा प्रत्येक सांधा आवळून धरते. हा ताण सहन करणारं लाकूड आतून घट्ट पाहिजे. लोहाराच्या भात्यापुढचा कोळसाही बऱ्याचदा बाभळीचाच असायचा, कारण तो रग धरून जळतो. बाभळीच्या लाकडाची उष्णता किलोमागं साधारण ४,८०० ते ४,९५० किलोकॅलरी भरते. चुलीपुढं बसणाऱ्या आज्जीला हा आकडा माहीत नव्हता, पण बाभळीचं जळण वेगळं काढून ठेवायचं हे पक्कं माहीत होतं.

एवढं टणक कसं काय?

आता थोडं विज्ञान. वाळलेल्या सागाचं वजन एका घनमीटरला साधारण ६५० किलो असतं. बाभळीचं ८००च्या आसपास. टणकपणात तर बाभूळ सागाच्या जवळपास दुप्पट मानली जाते.

याचं कारण आपल्या हवामानात आहे. झाडाच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. उन्हाळ्यात जमिनीत ओल नसते आणि वरून पानं पाणी ओढत असतात. त्यामुळं नळीतल्या पाण्यावर जबरदस्त ताण येतो. ताण मर्यादेबाहेर गेला की नळीत हवेचा बुडबुडा तयार होतो आणि ती नळी बाद होते. अशा बऱ्याच नळ्या बाद झाल्या की फांदी वाळते. म्हणून कोरड्या प्रदेशातल्या बहुतेक झाडांचं लाकूड दाट असतं. नळ्यांच्या भोवती जाड भिंतींचे तंतू असतात. जाड भिंती म्हणजे जड लाकूड. थोडक्यात, जो दुष्काळ आपल्याला टँकरच्या मागं पळवतो, त्याच्याशी झुंजत झुंजत या झाडाची जात अशी दणकट झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे तंतूंची गुंफण. बाभळीचे तंतू सरळ उभे नसतात, एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळं कुऱ्हाडीनं लाकूड सरळ चिरत नाही. आमच्या चुलतभावाची फजिती झाली ती यामुळं. आजोबा करवत आण म्हणाले तेही यामुळंच.

तिसरी गोष्ट गाभा. आडवा ओंडका कापला की दोन रंग दिसतात. बाहेर पिवळसर पांढरा भाग, आत तांबूस तपकिरी गाभा. बाहेरच्या भागात स्टार्च असतो, त्यामुळं तिथं भुंगा लागतो आणि लाकडाचं पीठ पाडतो. गाभ्यात मात्र टॅनिनसारखी तुरट रसायनं साठलेली असतात, किडे त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. म्हणून जाणता सुतार औतासाठी गाभाच घ्यायचा. ओंडके काही महिने विहिरीत किंवा डोहात बुडवून ठेवायची पद्धतही होती. पाण्यात साखर-स्टार्च निघून जातो आणि भुंग्याचा खुराकच संपतो. कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय शोधलेलं हे ‘सीझनिंग’.

पण म्हणून बाभूळ सगळ्यात श्रेष्ठ असं समजायचं कारण नाही. दारं-खिडक्यांना ती चालत नाही. जड असते, रंधा मारताना तंतू उचकटतात, खिळा ठोकायचा तर आधी भोक पाडावं लागतं. दाराला सागच. आणि तासाभरावर असलेल्या मिरजेत जा. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर तूनचं लाकूड वापरतात, जे हलकं असतं आणि छान घुमतं. बाभळीचा तंबोरा केला तर उचलायला दोन माणसं लागतील. थोडक्यात, चांगलं लाकूड, वाईट लाकूड असं काही नसतं. काम काय आहे आणि त्याला काय लागतं, हे ओळखणं म्हणजे सुतारकी.

प्राडाच्या आधीची साल

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला कोल्हापुरी आली. या चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय आणि त्यात कोल्हापूर, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर आपला सांगली जिल्हाही आहे. कर्नाटकातले चार जिल्हेही आहेत. पण त्या वादात एका झाडाचं नाव कुणी घेतलं नाही. पारंपरिक कोल्हापुरीचं कातडं कमावलं जातं ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून.

बाभळीच्या सालीत १२ ते २० टक्के टॅनिन असतं. कच्चं कातडं तसंच ठेवलं तर कुजतं. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरून बसतं, मग जंतूंना ते खाता येत नाही आणि कातडं टिकाऊ होतं. म्हणजे जे रसायन गाभ्याला किड्यांपासून वाचवतं, त्याच जातीचं रसायन तुमच्या पायातली चपल टिकवतं.

याचा पुरावा घरी बघता येतो. बाभळीच्या ओल्या लाकडात लोखंडी खिळा ठोका आणि काही दिवसांनी बघा. खिळ्याभोवती निळसर काळा डाग पडलेला असतो. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळं संयुग तयार होतं. पूर्वी शाई बनवायची एक रीतही याच तत्त्वावर होती.

साल झाली, आता बाकीचं. कोवळी काडी दातवणाला. शेंगा आणि पाला शेळ्या-मेंढ्यांना. आरेवाडीच्या बिरोबाला येणारे मेंढपाळ उन्हाळ्यात कळपामागं फिरताना या शेंगांवर किती मदार ठेवतात, ते त्यांनाच विचारा. सालीतून पाझरणारा डिंक औषधात आणि लाडवात. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, कारण बाभूळही हरभरा-तुरीच्याच शेंगावर्गातली. काट्यांच्या फांद्या शेताला कुंपण म्हणून. आणि काटा? तो काढायला दुसरा बाभळीचाच काटा.

नाईलपासून क्वीन्सलँडपर्यंत

बाभळीचं शास्त्रीय नाव पूर्वी अकेशिया निलोटिका होतं. निलोटिका म्हणजे नाईल नदीकाठची. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इजिप्तच्या मालवाहू नावांचं वर्णन करून ठेवलंय. डिंक गाळणाऱ्या काटेरी झाडाच्या आखूड फळ्या विटांसारख्या रचून त्या नावा बांधतात, असं तो लिहितो. असं कुणी नाव बांधतं का, म्हणून अभ्यासक शेकडो वर्षं डोकं खाजवत राहिले. मग इजिप्तच्या समुद्रात बुडालेल्या थोनिस-हेराक्लिऑन या बंदरात एक जहाज सापडलं. त्याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची बांधणी हिरोडोटसच्या वर्णनाशी जुळली. लाकूड होतं अकेशियाचं. मोठ्या लांब फळ्या देणारी झाडं त्या वाळवंटी देशात नव्हती. जे आखूड, वाकडं पण टणक लाकूड होतं त्याच्यातूनच त्यांनी नदी जिंकली.

आता नावाची गंमत. अकेशिया या मोठ्या कुळाचे तुकडे करायचे ठरले, तेव्हा जुनं नाव कुणी ठेवायचं यावर जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांत चांगलीच जुंपली. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या झाडांना मिळालं, २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ झाली वॅचेलिया निलोटिका. परीक्षेत लिहिताना लक्षात ठेवा.

ऑस्ट्रेलियानं नाव नेलं, पण झाड नेलं ते महागात पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्वीन्सलँडमध्ये मेंढ्यांना सावली आणि चारा व्हावा म्हणून आपल्याकडची बाभूळ लावली गेली. जनावरांच्या शेणातून बी पसरलं आणि तिथली गवताळ कुरणं काट्यांनी भरून गेली. आज ती तिथं राष्ट्रीय पातळीवरचं उपद्रवी तण आहे.

हसू नका. अगदी हेच आपल्याकडं उलट्या बाजूनं झालंय.

दोन बाभळींची गफलत

आज गावाबाहेर रस्त्याच्या कडेला जे काटेरी रान माजलेलं दिसतं, ते बऱ्याचदा बाभळीचं नसतंच. ती वेडी बाभूळ, विलायती बाभूळ. मूळची अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकात भारतात आणलेली. तोडली की बुडातून चार फुटवे येतात. तिचा कोळसा होतो, जळण होतं, पण ती दाट माजली की खाली गवतही उगवत नाही. लोक दोघींनाही ‘बाभळ’ म्हणतात आणि जेसीबीवाला दोघींनाही सारखंच उपटतो. पसरते वेडी, बदनाम होते गावठी.

ओळखायचं कसं? फुलं बघा. गावठी बाभळीला पावसाळ्यात पिवळेधमक गोल गोंडे येतात, वेडीला हिरवट पिवळे लांबट तुरे. शेंग बघा. गावठीची शेंग राखाडी, मध्ये मध्ये आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी. वेडीची पिवळट, बरीचशी सरळ. तिसरी सुबाभूळ. तिला काटेच नसतात, पांढरे गोंडे आणि चपट्या शेंगा. गावठी बाभळीतलीच एक जात रामकाठी. तिच्या फांद्या पसरत नाहीत, खोडालगत उभ्या वर जातात. सावली कमी पडते म्हणून बांधावर ती शेतकऱ्याला जास्त सोयीची.

पाणी आलं, बाभूळ गेली

म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आपल्या तालुक्यात आणलं. ज्या माळावर कुसळं उगवायची तिथं द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड उभी राहिली. हे पाणी कशानं आलं, किती वर्षं वाट बघून आलं, हे घराघरात माहीत आहे. त्याबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नाही. आज माझी फी त्याच पाण्यातून भरली जाते.

पण पाण्यासोबत बांधावरचं झाडही गेलं. कारणं खोटी नाहीत. बाभळीच्या सावलीत आणि मुळांच्या टापूत पीक मार खातं. झाडावर बसणारी पाखरं द्राक्षांवर उतरतात. काटा ट्रॅक्टरच्या टायरला चालतो पण पाइपला आणि पायाला नाही. बांध अरुंद झाले, रस्ते रुंद झाले. बैल गेले, मग औत गेलं, मग सुताराकडं जायचं कारणच गेलं. बेंदराला आता कित्येक घरांत मातीचेच बैल पूजले जातात. ज्याला गिऱ्हाईक नाही ते झाड वखारीत किलोवर जातं.

इथंच खरा प्रश्न आहे. बाभूळ नामशेष होणार नाही, ती चिवट आहे. नाहीसं होतंय ते मोठं, गाभा भरलेलं झाड. बाभळीत औताजोगं लाकूड भरायला पंधरा-वीस वर्षं तरी लागतात, ते कापायला पंधरा मिनिटं. आणि ज्या हातांना कुठल्या वळणाची फांदी कशाला लागते हे कळत होतं, ते हात आता सत्तरीच्या पुढं आहेत. झाड परत लावता येईल, पण हे ज्ञान कुठल्या रोपवाटिकेत मिळणार?

शिवाय नफ्यातोट्याचा हिशोब फक्त सावलीचा धरून चालत नाही. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. एक घनमीटर बाभूळ म्हणजे सुमारे चारशे किलो कार्बन धरून ठेवलेला. आपण वृक्षारोपणाच्या दिवशी लवकर वाढणारी, शोभेची रोपं लावतो, फोटो काढतो आणि मार्चमध्ये ती वाळतात. पाणी न मागता उभं राहणारं झाड मात्र त्या यादीत नसतं, कारण त्याला काटे आहेत आणि फोटोत ते बरं दिसत नाही.

छत्तीसगडच्या मैदानी भागात भाताच्या बांधांवर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बाभूळ जपलीय. फांद्या छाटून सावली आटोक्यात ठेवायची, छाटलेलं जळणाला, खोड मोठं झालं की औताला किंवा विकायला. आपल्याकडं द्राक्षाच्या बांधावर हे जमणार नाही, मान्य. पण प्रत्येक गावात गायरान आहे, ओढ्याचा काठ आहे, पाणी न पोचलेला पडीक कोपरा आहे. तिथं काय हरकत आहे?

हे करून बघा

• आधी ओळखा. रविवारी गावात फिरा, फुलं-शेंगांवरून गावठी, रामकाठी, वेडी आणि सुबाभूळ वेगळ्या करा. मोठी गावठी झाडं किती उरलीत ते मोजा. पर्यावरणाच्या प्रोजेक्टला यापेक्षा चांगला विषय नाही.

• बाभळीचा आणि सागाचा वाळलेला तुकडा घ्या. वजन करा, पाण्यात बुडवून आकारमान काढा, घनता काढा. पुस्तकातला आकडा स्वतःच्या हातानं येतो तेव्हा मजा वेगळी असते.

• बी पेरायचं तर उकळून चुलीवरून उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवा, कवच मऊ होतं. नाहीतर शेळ्यांच्या वाड्यातून बी वेचा. त्यांच्या पोटातून आलेलं बी चांगलं उगवतं. पहिल्या पावसाला जागेवरच टोका आणि दोन वर्षं त्याच शेळ्यांपासून राखा.

• गावातल्या म्हाताऱ्या सुताराकडं जा. मोबाइलवर रील बघण्याऐवजी एक तास रेकॉर्डिंग करा. चाकाच्या प्रत्येक भागाचं नाव, कुठलं लाकूड, का, हे विचारा. आमच्या गल्लीतल्या सुतारमामांनी मला औतांच्या भागांची तीसेक नावं सांगितली. त्यातली चार मला आधी माहीत होती.

आमचं दिंड बंबात गेलं नाही. करवतीनं दोन्ही टोकं सरळ करून घेतली, खाली दोन दगड ठेवले, दारात बसायला बाक झाला. कापलेल्या टोकाला आत तांबूस गाभा अजून ताजा दिसत होता, जणू परवाच कापलाय. संध्याकाळी आजोबा त्याच्यावर बसतात. चुलतभाऊही बसतो, मोबाइल बघत. परवा त्यानं विचारलं, ‘‘आण्णा, हे झाड कुठल्या रानातलं होतं ओ?’’

आजोबांनी हात वर करून दाखवलं. तिकडं आता बेदाण्याची शेड आहे. शेडच्या मागं, ओढ्याच्या वळणावर, गुडघ्याएवढी दोन बाभळीची पोरं आपोआप उगवलीत. यंदा त्यांच्याभोवती आम्ही काटेच लावलेत, बाभळीचेच.